झाकणबाईचा गुरुवार

कारखान्यात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे म्हणायचे झाकणबाई. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिथल्या भिंती अशा पातळ, की पाठीमागचं बोलणं तोंडावरच्यापेक्षा स्पष्ट ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चिडली, दुसऱ्यांदाही चिडली. पुढे तिनं तो राग राखून ठेवला, कारण रोज चिडायला तिथं याहून चांगली कारणं मिळत होती.

कारखाना दह्याचा. दही लावणाऱ्यांना मान, विकणाऱ्यांना बढती, आणि ज्या कपातून ते दही जातं त्या कपाची काळजी वाहणाऱ्या बाईला शीतगृहाला लागून एक खोली, जिथं उन्हाळ्यातही पायमोजे घालून बसावं लागे. बरं, काम तरी कोणाला कळावं? साहेबलोक यायचे, कप उलटा-सुलटा करून बघायचे आणि विचारायचे, "झाकणच ना हे?" झाकणच. पण कप एका प्लास्टिकचा आणि वरचं झाकण चंदेरी धातूच्या पातळ पत्र्याचं, अशी ती जुनी जोडी होती. लोक पत्रा अर्धा फाडायचे, अर्धा कपाच्या काठाला तसाच. तो कप भंगारात गेला की वितळवणारे हात जोडायचे. पत्रा सोडवत बसायला वेळ कोणाला? मग सगळं गावाबाहेरच्या ढिगाऱ्यावर. ती एकदा तो ढिगारा बघून आली होती. आपल्याच कारखान्याचे कप, आपल्याच निळ्या रंगाचे, डोंगरभर. घरी येऊन ती जेवली नाही, आणि वडिलांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, दह्याच्या कपासाठी उपास करणारी तू पहिलीच.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कप आणि झाकण एकाच जातीच्या प्लास्टिकचं असावं, म्हणजे दोन्ही एकत्र वितळवता येतील. आणि झाकण उघडल्यावरही एका बाजूनं कपाला धरून राहावं, कारण सुटी झाकणं एवढीशी असतात, भंगाराच्या चाळणीतून खाली पडतात आणि पुन्हा ढिगाऱ्यावरच जातात. ऐकायला दोन वाक्यांचं काम. करायला तिच्या केसांत पांढरं आलं. एका जातीचे दोघं गरम करून चिकटवले की असे एकजीव होतात की सोडवता सुटत नाहीत. कमी चिकटवावेत तर वाटेत दही गळतं. जास्त गळ्यात पडले तरी पंचाईत, रुसले तरी पंचाईत. शेवटी मधे एक पातळ थर घालून तिनं ते साधलं. ओढायला झाकणाला एक छोटा कान ठेवला. कान धरून ओढला की झाकण मागे वळायचं आणि तिथंच लोंबत राहायचं. मशीननं ओढून बघितलं, मशीन खूश. तिनं स्वतः ओढून बघितलं, ती खूश.

राहिलं ते माणसांचं. त्यासाठी गुरुवारची मंडळी होती.

दर गुरुवारी दुपारी आसपासची निवृत्त माणसं कारखान्यात यायची. लांब टेबलाशी बसून नवीन पुडे, बाटल्या, कप उघडून बघायची. नीट उघडलं तर हिरवी गोटी बरणीत टाकायची, त्रास झाला तर लाल. मग चहा, बिस्किटं आणि तासभर गप्पा. पद्धत झाकणबाईचीच. आणि तिचाच एक कडक नियम होता, की गोट्या पडेपर्यंत कंपनीच्या माणसानं खोलीत थांबायचं नाही. कोणी बघत असलं की माणूस खरं वागत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण पुढे ते तिच्याच घशात अडकणार आहे.

या मंडळीत तिचे वडीलही होते. ते कुलूपवाले. भर बाजारात त्यांचं एवढंसं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. किल्ली हरवलेली तिजोरी, अडकलेलं दार, गंजलेली पेटी, काहीही आणा. ते कान लावायचे, डोळे मिटायचे आणि बोटांनी चाचपत उघडायचे. हल्ली कुलपं कोण दुरुस्त करतं, लोक नवीनच आणतात, असं म्हणून त्यांनी दुकान बंद केलं. मग आई गेली. मग ते खिडकीशी बसायला लागले. सकाळी खिडकी, दुपारी खिडकी. लेकीला ते बघवेना. तिनं आडनाव विचारलं जाणार नाही अशा बेतानं त्यांना गुरुवारच्या यादीत घुसवलं, आणि काय सांगावं, माणूस पालटला. बुधवारपासून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. शिंपीणबाईंची गंमत, निवृत्त पोस्टमनच्या थापा, सगळं घरी येऊन तिखटमीठ लावून सांगायचे. घरात पुन्हा कोणीतरी बोलतंय याचं तिला एवढं बरं वाटायचं की ती भाजी जळली तरी ऐकत राहायची.

तसे वडील घरी मदत करायचे. तिचा डबा तेच भरायचे. पण डब्याचं झाकण कधी घट्ट लावतील तर शपथ. रोज रस्सा पिशवीत, पिशवीतून कागदांवर. कारखान्यात हसू व्हायचं, झाकणबाईचाच डबा गळतो म्हणून. तिनं किती वेळा सांगावं? "बाबा, लक्ष कुठं असतं तुमचं? एक झाकण नीट लागत नाही?" ते म्हणायचे, लावलं होतं की. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी.

तर नवं झाकण गुरुवारच्या मंडळींपुढं ठेवलं. तिनं दार लोटलं, बाहेर येरझारा घातल्या, आत गेली. सगळे कप उघडलेले, बरणीत हिरव्याच गोट्या. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. लाल गोट्यांच्या वाटीवर धूळ बसली होती. फक्त एक गोष्ट तिला खटकली. उघडलेल्या प्रत्येक कपाच्या काठाला, कानाच्या शेजारी, नखाएवढी चीर होती. सगळ्यांना एकाच जागी. तिनं मान डोलावली, म्हणजे कप चिकटवणाऱ्या मशीनचाच दोष. मशीनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, माझ्या मशीनमधे चीर पडायला काही धारदार नाहीच. ती म्हणाली, मग काय भूत येऊन पाडतं? बिचाऱ्यानं मशीन खोललं, पुसलं, जोडलं, पुन्हा खोललं. ती रोज जाऊन त्याच्या डोक्यावर उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला चोर ठाऊक कुठं होता.

चिरेचं पुढे बघू म्हणून साहेबांनी नवा कप बाजारात सोडला. आणि आठवडा उलटायच्या आत तक्रारींचा पाऊस. उघडत नाही. नख तुटलं. दातानं ओढलं, दही चष्म्यावर. एका आजींनी तर कप तसाच परत पाठवला, सोबत निरोप की तुम्हीच उघडून खा. झाकणबाईला काही कळेना. स्वतः कप उचलायची, कान धरायची, ओढायची, उघडायचा. हजारो झाकणं उघडून तिच्या अंगठ्याला ती कला जडली होती हे तिच्या ध्यानातच येईना. लोकांना साधं झाकण उघडता येत नाही म्हणजे काय, असं ती कँटीनमधे मोठ्यानं बोलली आणि पाच-सहा जणांनी माना खाली घातल्या.

मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, शुक्रवारी बैठक आहे, जुनं पत्र्याचं झाकण परत आणायचं ठरतंय. तुमच्या गुरुवारच्या चाचणीत सगळं हिरवं होतं, मग बाजारात लाल कसं? याचं उत्तर असेल तर घेऊन या. नसेल तर हा विषय बंद, आणि ती गुरुवारची चहापार्टीही बंद.

 झाकण गेलं तर इतक्या वर्षांचं काम ढिगाऱ्यावर. आणि गुरुवार गेला तर बाबा पुन्हा खिडकीशी. या दोन्हींत जास्त कशाची भीती वाटतेय हेही तिला सांगता येईना.

मंगळवारी सकाळी ती घरातून निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि फोन विसरला म्हणून परत आली. वडील स्वयंपाकघरात पाठमोरे बसलेले. समोर दह्याचा कप. त्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादाची एक पातळ पट्टी काढली, ती दुकानातली, कुलपात सारायची. पट्टी कानाशेजारी घातली, मनगट जरासं वळवलं, टक. झाकण सुटलं. काठाला नखाएवढी चीर.

ती दारातच उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मशीनवाला मेला खोलतोय मशीन.

"बाबा, गुरुवारीही असंच उघडता?"

वडील दचकले, मग लगेच सावरले. वर ऐटीत म्हणाले, "माझाच नाही, सगळ्यांचे मीच उघडतो. कप टेबलावरून सरकत येतात, उघडून सरकत जातात. शिंपीणबाई म्हणतात, तुमच्या हातात जादू आहे."

तिनं कपाळावर हात मारला. खुर्ची ओढून बसली आणि एकेक गोष्ट बाहेर काढली. सुरुवात कोणा मास्तरांपासून झाली होती. त्यांनी एकदा सुपाच्या पुड्याला लाल गोटी टाकली आणि पुढच्या गुरुवारी ते आलेच नाहीत. मंडळींनी ठरवूनच टाकलं की लाल टाकणाऱ्याचा पत्ता कापतात. मास्तर खरं तर मुलाकडं राहायला गेले होते, तिनंच त्यांना निरोपाचा चहा पाजला होता. पण विचारायचं कोणी? त्या दिवसापासून सगळे पुडे, सगळ्या बाटल्या, सगळं हिरवं. शिंपीणबाई केसातली पिन वापरायच्या, पोस्टमन दात. नवा कप आला तेव्हा पिनही चालेना नि दातही, म्हणून कुलूपवाल्यांची पट्टी. म्हणजे तिनं ज्या चाचणीवर नाव, वय, डोकं सगळं पणाला लावलं, ती चाचणी एका माणसानं एका पट्टीनं पास केली होती. घरच्याच माणसानं.

ती म्हणाली, शुक्रवारी माझ्याबरोबर या. साहेबांसमोर नुसत्या हातानं उघडून दाखवा. उघडत नाही म्हणून सांगा. म्हणजे दोष कुठं आहे ते कळेल, कान मोठा करता येईल, सुरुवातीचा कोपरा सैल करता येईल, झाकण वाचेल.

वडील कपातलं दही ढवळत राहिले. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली. आता दह्याचा कप उघडत नाही म्हणून चारचौघांत सांगू? हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि माझं झाकण गेलं तर?"

त्यांनी कप बाजूला सारला. चमचा ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. ती तणतणत निघाली, रस्ताभर स्वतःशी बोलत. एवढा कसला मेला अभिमान? पट्टी बाजूला ठेवून सांगायचं, नाही उघडत, संपलं. कारखान्यात पोचून पिशवी उघडली तर रस्सा सगळ्या कागदांवर. तोंडात आलेला शब्द तिथंच थांबला. ती त्या डब्याकडं बघत राहिली. झाकण लावलं होतं, फिरवलंही होतं, फक्त शेवटचा पीळ बसला नव्हता. रोज बसत नव्हता. नळ थेंब थेंब गळायचा, तोही वडिलांनी बंद केल्यावर. शर्टाची वरची दोन बटणं हल्ली उघडीच असायची आणि ती त्यांना गबाळे म्हणायची. दुकान बंद केलं ते काय लोक नवीन कुलपं आणतात म्हणून?

इतकी शिकलेली, मशीनला ओढायची ताकद मोजायला लावणारी बाई, आणि घरातल्या हातांकडं कधी बघितलं नाही. तिला स्वतःचीच चीड आली, आणि रडूही आलं. मग उठून ती आधी मशीनवाल्याकडं गेली आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, बाई, आता तरी जोडून ठेवू का?

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. हट्टाला हट्ट. डबा मात्र वेळेवर भरलेला असायचा आणि वेळेवर गळायचा.

गुरुवारी मंडळी आली. वडीलही आले, इस्त्रीच्या शर्टात, तिच्याकडं न बघता. टेबलावर कप मांडले. या वेळी झाकणबाई बाहेर गेली नाही. खुर्ची घेऊन टेबलाच्या टोकाशी बसली. स्वतःचाच नियम मोडताना तिचे कान लाल झाले होते. तिनं एवढंच सांगितलं की मास्तर मुलाकडं खुशाल आहेत, त्यांना कोणी काढलं नव्हतं. आणि आज ज्यानं त्यानं आपापला कप उघडायचा.

कोणी हलेना. शिंपीणबाईंनी कान धरला, सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. पोस्टमन कप तोंडाकडं नेऊन परत आणायचे. एरवी हसून गडगडाट करणारी माणसं, पण चुळबुळीशिवाय आवाज नाही. हळूहळू सगळ्यांच्या नजरा सवयीनं कुलूपवाल्यांकडं गेल्या. एक कप टेबलावरून सरकत त्यांच्यापुढं आला. मग दुसरा.

वडिलांनी खिशात हात घातला. पट्टी काढली.  ते पट्टीकडं थोडा वेळ बघत बसले आणि मग त्यांनी ती टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी, आडवी ठेवली. स्वतःचा कप घेतला आणि नुसत्या बोटांनी कान धरला. बोटं कानावरून घसरली. पुन्हा धरला. हात थरथरायला लागला, तसा तो लपवायला त्यांनी दुसरा हात वर ठेवला, आणि मग तोही काढून घेतला.

"माझ्याच्यानं उघडत नाही," ते म्हणाले. "बोटांना काही जाणवतच नाही. आजचं नाही, केव्हापासूनचं. म्हणून तर दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं कुलपं संपली. कुलपं कसली संपतात."

त्यांनी हात लांब करून लाल गोटी उचलली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा चिमटीत आली, आणि त्यांनी ती बरणीत टाकली. शिंपीणबाई म्हणाल्या, मलाही नाही हो उघडत, कधीच नाही उघडलं. पोस्टमननी तर लाल गोट्यांची वाटीच आपल्याकडं ओढली. झाकणबाईनं मान खाली घातली, कारण समोर बघण्यासारखी तिची अवस्था नव्हती.

शुक्रवारी तिनं ती बरणी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पट्टीची सगळी हकिगत सांगितली. बरोबर न उघडलेले कप ठेवले आणि म्हणाली, आपल्यापैकी कोणीही हातावर थोडं तेल चोळून, म्हणजे बोटं म्हाताऱ्यांसारखी घसरतील, हे उघडून दाखवावं. साहेबांनी करून बघितलं. दही त्यांच्या टायवर गेलं. त्यांनी टाय पुसला, बराच वेळ पुसला, आणि मुदत दिली. नाखुशीनं दिली, पण दिली. वर म्हणाले, यापुढे चाचणीला कुलूपवाले बोलावू नका. तिनं त्यांच्याकडं बघून सांगितलं की कुलूपवाले येणारच, त्यांच्यासारख्या हातांसाठीच चाचणी आहे, फक्त पट्टी घरी राहील. आणि ते माझे वडील आहेत, हेही आजच सांगून ठेवते.

नव्या झाकणाचा कान अंगठाभर झाला, वर खरखरीत झाला, कोपरा सैल झाला. तो पहिल्यांदा टेबलावर आला त्या गुरुवारी वडिलांनी तो नुसत्या बोटांनी धरला आणि ओढला. उघडला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी सगळ्यांकडं ऐटीत बघितलं, कप आतून-बाहेरून न्याहाळला, आणि बरणीत टाकली ती लाल गोटी. का, तर म्हणे उघडताना थेंब उडतो. बाकीच्यांनीही लगेच लाल टाकली. कोणी म्हणे रंग फिका, कोणी म्हणे दहीच आंबट. खरं बोलायची परवानगी मिळाली तर हे लोक थांबायचं नाव घेईनात. झाकणबाईचं डोकं उठलं. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असं ती पुटपुटली, आणि थेंब उडतो ते लिहून घेतलं, कारण उडत होता.

गोळा करताना एक लाल गोटी कमी भरली. तिनं टेबलाखाली वाकून शोधली, मंडळींना खिसे झटकायला लावले, शेवटी नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा नेहमीच्या जागी होता. भरलेला, वर झाकण नुसतं ठेवलेलं, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध ती लाल गोटी. वडील खिडकीशी पेपर वाचत होते, म्हणजे वाचतोय असं दाखवत होते.

तिनं गोटी उचलून खिशात टाकली. डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं फिरवलं, शेवटचा पीळ दिला, आणि येते बाबा म्हणून निघाली.